बायपास छातीत, बधिरपणा नडगीवर

बायपास करून घरी आलेला माणूस सुरुवातीला छातीच्या टाक्यांबद्दल बोलत असतो. काही आठवड्यांनी तक्रार बदलते. ‘छातीचं ठीक आहे हो, पण हा पाय संध्याकाळी सुजतो. आणि नडगीच्या आतल्या बाजूला हात लावला तर कळतच नाही.’ घरच्यांना कोडं पडतं, कारण दुखणं हृदयाचं होतं. पण हृदयाला जोडलेली नवी वाहिनी बहुतेक वेळा त्याच पायातून काढलेली असते. तिच्या शेजारून एक मज्जातंतू जातो आणि लसीकावाहिन्याही, म्हणजे पेशींमध्ये उरलेलं पाणी गोळा करणाऱ्या बारीक वाहिन्या, जातात. या तिघांचा शेजार समजला, तर पायाची बरीच दुखणी समजतात.

उभं राहून पावलाच्या वरच्या बाजूकडे पाहा. निळसर शिरांची एक कमान दिसेल. तिच्या अंगठ्याकडच्या टोकापासून एक शीर निघते, आतल्या घोट्याच्या पुढून वर चढते, गुडघ्यापाशी वाटीच्या चार बोटं मागून जाते आणि मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत पोहोचते. तिथे स्नायूंवरच्या जाड आवरणाला एक भोक असतं. त्यातून आत शिरून ती मांडीतल्या खोल शिरेला मिळते. हीच ग्रेट सॅफेनस व्हेन, शरीरातली सर्वांत लांब शीर. घोट्यापुढची तिची जागा इतकी ठरलेली आहे की रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या हातावरच्या शिरा सापडेनाशा झाल्या, तर डॉक्टर तिथे छेद देऊन न दिसणारी शीरही शोधून काढतात आणि सलाईन सुरू करतात. कमानीच्या करंगळीकडच्या टोकापासून निघणारी धाकटी शीर बाहेरच्या घोट्याच्या मागून पोटरीवर चढते आणि गुडघ्यामागे खोल शिरेत जाते.

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं म्हणजे चढाचं काम. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांत हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या खोल शिरा ओल्या टॉवेलासारख्या पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते मागे येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. कातडीखालच्या शिरांना खोल शिरांशी जोडणाऱ्या आडव्या वाहिन्यांतही झडपा असतात, त्यामुळे रक्त बाहेरून आत जातं, आतून बाहेर येत नाही.

या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये छापलं. झडपा त्यांना नीट दिसल्या होत्या, पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे रक्त शिरांमधून हातापायांकडे वाहतं असं ते मानत, आणि ते एकदम खाली साचू नये म्हणून झडपा त्याचा वेग कमी करतात असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच झडपांकडे बोट दाखवून सांगितलं की शिरांमधलं रक्त हृदयाकडेच जातं. पुरावा दोघांपुढे एकच होता. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. हेच व्हेरिकोज व्हेन्स. आनुवंशिकता आणि गरोदरपण यांचा त्यात मोठा वाटा असतो, आणि तासन्‌तास एका जागी उभं राहण्याने त्रास वाढतो. भट्टीपुढचा आचारी, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यापुढचे शिक्षक यांना हे ठाऊक असतं. वर्षानुवर्षं दाब चढलेला राहिला की आतल्या घोट्याच्या वरची कातडी काळपट पडते, खाजते, आणि तिथे न भरणारी जखम होते. अशा जखमेवर नुसती मलमं लावून भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घट्ट पट्टी बांधून दाब उतरवावा लागतो, पण आधी पायाच्या रोहिण्यांत रक्त नीट पोहोचतंय ना, हे तपासूनच.

बायपाससाठी ग्रेट सॅफेनस शीर वापरायची पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदांनी रुजवली. शीर काढून घेतली तरी पायाचं फारसं अडत नाही, कारण बहुतांश रक्त खोल शिरांतूनच परत जातं. मात्र हृदयाला जोडताना ती उलटी फिरवून बसवावी लागते, नाहीतर तिच्याच झडपा रक्ताची वाट अडवतील.

आता बधिरपणा. मांडीत ही शीर बहुतांशी एकटीच असते. सॅफेनस मज्जातंतू मांडीत स्नायूंच्या आत खोल चाललेला असतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला तो कातडीखाली येतो आणि तिथून पावलाच्या आतल्या कडेपर्यंत शिरेला चिकटून जातो. गुडघ्याखाली शीर काढताना तो ताणला जातो, कधी तुटतो, आणि नडगीची आतली बाजू बधिर होते. हा मज्जातंतू कोणताच स्नायू हलवत नाही, त्यामुळे पायाचं बळ कमी होत नाही. अनेकांची संवेदना काही महिन्यांत बरीचशी परतते. व्हेरिकोज व्हेन्सच्या शस्त्रक्रियेत मोठी शीर बरेचदा गुडघ्यापर्यंतच काढतात, त्याचं एक कारण हेच. रुग्णाला हे शस्त्रक्रियेआधी सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दिलीच पाहिजेत.

आणखी एक जागा सांगतो. चपलेचा अंगठा जिथे रुततो, त्या अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्याची संवेदना नडगीपुढच्या स्नायूंमधून येणाऱ्या खोल मज्जातंतूकडे असते. नडगीचं हाड मोडून प्लास्टर घातलं आणि ही बेचकी बधिर होऊ लागली, बोटं हलवताना असह्य कळ आली, तर आत दाब वाढत असू शकतो. त्याच घडीला रुग्णालय गाठावं.

तिसरी सोबतीण लसीका. पेशींच्या फटींत उरलेलं पाणी, प्रथिनं आणि शिरलेले जंतू गोळा करणाऱ्या बारीक वाहिन्या मोठ्या शिरेच्या कडेने जांघेतल्या गाठींपर्यंत जातात. अंगठ्यात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं ते यामुळे. टाचेच्या बाहेरच्या बाजूची लसीका धाकट्या शिरेबरोबर जाते, म्हणून तिथल्या जखमेची गाठ कधी गुडघ्यामागे लागते. शीर काढताना यातल्या काही वाहिन्या तुटतात आणि पाय सुजतो. अशा पायाला महिन्यांनी, वर्षांनीही कातडीखालचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. थंडी वाजून ताप, लालभडक तापलेला पाय. जंतूंची वाट बऱ्याचदा बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या असतात.

हत्तीरोगात या वाहिन्यांचं नुकसान फार मोठं असतं. क्युलेक्स डासांमार्फत आलेले जंत लसीकावाहिन्यांतच वर्षानुवर्षं राहतात आणि त्या निकामी करतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हा रोग जुना आहे. मोहिमेत घरोघरी मिळणाऱ्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या रक्तातले सूक्ष्म जंत मारून प्रसार थांबवतात, म्हणून कुठलाही त्रास नसलेल्यांनीही त्या घ्यायच्या असतात. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं यांना मात्र त्या देत नाहीत. सुजून जाड झालेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही, पण तो वाढवणारे तापाचे झटके कमी करता येतात. रोज साबणाने पाय धुवायचा, प्रत्येक बेचकी कोरडी पुसायची, चिखल्यांना बुरशी मारणारं मलम लावायचं, बसताना पाय उंचावर ठेवायचा.