पंधराव्या वर्षी लिहिलेला शेवटचा निकाल

2021च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तुरुंगातून जो लायगन बाहेर आले, तेव्हा ते 83 वर्षांचे होते. आत गेले तेव्हा 15. 1953 साली फिलाडेल्फियात पोरांच्या टोळक्याने केलेल्या हल्ल्यांत दोन माणसं मेली. त्या टोळक्यात तेही होते. शिक्षा झाली पॅरोलविना जन्मठेपेची, म्हणजे मरेपर्यंत आत.

‘टोळकं’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मुलांना आणि मोठ्यांना एक गाडीचा खेळ खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, की गाडी दामटायची? एकटी असताना मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. मित्र बघताहेत म्हटल्यावर मात्र सिग्नल तोडू लागली, गाड्या ठोकू लागली. मोठ्यांना मित्रांमुळे काहीच फरक पडला नाही. हा खेळ एमआरआय यंत्रात खेळवला होता. मित्र बघत असताना मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त चेतलेला दिसला.

हा भाग वयात येताना जोर धरतो. लगाम खेचणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. सोळा वर्षांच्या मुलाला कळत नाही असं नाही. शांतपणे बसवलं तर तो मोठ्यांसारखाच विचार करतो. घोळ होतो तो भरात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अल्पवयीनांचा मृत्युदंड थांबवला. 2012 मध्ये त्यांना ही पॅरोलविना जन्मठेप सरसकट लावायला मनाई केली आणि 2016 मध्ये तो निकाल जुन्या कैद्यांनाही लागू केला. पण खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाने ठरवलं, तर अनेक राज्यांत ती आजही देता येते. भारताच्या 2015च्या बाल न्याय कायद्यात तिला जागाच नाही.

एका मुलाचा स्कॅन पाहून तो पुढे सुधारेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. मेंदूविज्ञान कोर्टात आणू नका म्हणणारे हेच पुढे करतात. मला त्यातून उलटंच दिसतं. जे सांगता येत नाही, तेच ही शिक्षा पंधराव्या वर्षी ठामपणे सांगून टाकते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचं दुःख मी लहान मानत नाही. पण दहा-वीस वर्षांनी त्या माणसाकडे पुन्हा एकदा बघायचं, एवढंच तर मागणं आहे.

फिलाडेल्फियात असं पुन्हा बघितलं गेलं. सुटलेल्या 174 जणांचा संशोधकांनी माग काढला. सुटून सरासरी दोन वर्षंही झाली नव्हती, हे खरं. 2020च्या त्या अहवालात पुन्हा दोषी ठरलेले निघाले दोन.