थंड समुद्रातली लोखंडी वस्ती

पाषाणला डिसेंबरात पारा दहा अंशांवर आला, की कानटोपी निघते, पण सकाळचं फिरणं काही चुकत नाही. तेवढ्याच थंड पाण्याचं गणित वेगळं. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. पुण्यात तरणतलावात स्कूबा शिकायचं आणि मालवणला बुडी मारायची, या क्रमात हे ध्यानातच येत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात ते लगेच कळतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराने २१ जून १९१९ रोजी आपलीच जहाजं बुडवायला घेतली. ७४ पैकी ५२ बुडाली. बहुतेक पुढे भंगारात गेली. तीन अजस्र युद्धनौका आणि चार क्रूझर मात्र अजून तळाशी आहेत. युद्धनौका पालथ्याच पडल्या आहेत.

इथे ड्रायसूट लागतो. त्यात पाणी शिरत नाही. आतल्या कपड्यांतली हवा ऊब धरून ठेवते. टाकीतून श्वासाला हवा पुरवणारा रेग्युलेटरही थंडीसाठी बनवलेला हवा. टाकीतली दाबाखालची हवा प्रसरण पावताना आणखी गार होते, झडपेत बर्फ धरतो आणि हवा धो धो वाहू लागते. टाकी बघता बघता रिकामी!

एवढ्या गारठ्यात कोण राहणार, असं वाटतं. पण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. हिवाळी वादळं समुद्र घुसळून पोषकद्रव्यं वर आणतात, वसंतात ऊन वाढलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात आणि भरती-ओहोटीचे प्रवाह ते पसरवतात. ते गाळून खाणाऱ्या प्राण्यांना बूड टेकायला घट्ट जागा हवी असते. भोवती गाळ, त्यात हे लोखंड! खोल अंधारात समुद्री शेवाळ वाढत नाही, त्यामुळे सगळा पत्रा प्राण्यांच्याच वाट्याला येतो.

टॉर्च मारला की पांढरी, नारिंगी समुद्रफुलं दिसतात. ही फुलं नव्हेत, प्राणी. त्यांची एक जात सरकताना बुडाचे तुकडे मागे सोडते आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. म्हणून एकाच रंगाचा अख्खा ताटवा बऱ्याचदा एकाच प्राण्याच्या प्रतींचा असतो.

शेजारी बोटांसारखं मऊ प्रवाळ असतं. इंग्रज त्याला ‘मेलेल्याची बोटं’ म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ते मिटलेलं, तांबूस, मरगळलेलं दिसेल. ते मेलेलं नसतं. उन्हाळ्याच्या अखेरीपासून काही महिने ते खाणंच बंद करतं, मग वरचा थर टाकून देतं आणि ऐन हिवाळ्यात अंडी सोडतं. पिल्लं खायला लागेपर्यंत वसंतातले प्लवक आलेले असतात.