जानेवारीत सेट केलेला बर्नर मे महिन्यात का धुसफुसतो

परवा बडोद्यात दांडिया बाजारात मामीकडे गेलो तर तिने चहाच्या आधी पातेलं उलटं करून समोर धरलं, बूड काळंकुट्ट, म्हणाली तू बॉयलरवाला ना, मग हे बघ. ज्योत पिवळी होती. बर्नरखालच्या नळीत, जिथून हवा आत ओढली जाते तिथे कोळ्याने जाळं केलेलं, ते काढलं आणि ज्योत झाली निळी. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मी दिवसभर हेच करतो, फक्त तिथलं पातेलं काही टनांचं आणि हवा फॅनने येते.

हिशोब असा की 1 घनमीटर मिथेन जळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते. पण तेवढीच मोजून दिली तर भागत नाही, गॅसच्या प्रत्येक कणाला त्याचा ऑक्सिजन वेळेवर भेटतोच असं नाही, मग कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास आणि माणूस मरतो. म्हणून 15 टक्के हवा जादा द्यायची. फारच जादा दिली तर हवेतला जवळपास 79 टक्के नायट्रोजन फुकट्या पाहुण्यासारखा येतो, मस्त गरम होतो आणि चिमणीतून निघून जातो, बिल आपण भरायचं.

हे डोळ्यांनी कळत नाही बरं का, हवा जास्त झाली तरी ज्योत निळीच दिसते. चिमणीत अॅनालायझरचा (धुरातले वायू मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब घालायचा, हाय फायरला (बर्नर पूर्ण जोरात असताना) आधी मीटर बघून गॅस ठरवायचा, मग डँपर (हवेची झडप) हलवत धुरातला उरलेला ऑक्सिजन 3 टक्क्यांच्या आसपास आणायचा, म्हणजे तीच 15 टक्के जादा हवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं (इथेच सगळ्यांना घाई), आणि मग खाली लो फायरपर्यंत, म्हणजे मंद आचेपर्यंत, एकेक पॉइंट तसाच.

एका ठिकाणी जानेवारीत सकाळी 12 डिग्रीत असं सगळं झकास सेट करून आलो. मे महिन्यात फोन, बर्नर धुसफुसतोय. जाऊन बघतो तर मोनॉक्साइड शेकडो पीपीएम (दहा लाख भागांत शेकडो), ऑक्सिजन 1 टक्क्याच्याही खाली, आणि ऑपरेटरभाई शपथेवर सांगतोय की कुणी हातसुद्धा लावला नाही, गॅसच खराब येतोय.

हात खरंच कुणी लावला नव्हता. फॅन दर मिनिटाला तेवढीच घनमीटर हवा ओढतो, पण 42 डिग्रीची हवा 12 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 10 टक्के विरळ, म्हणजे तितका ऑक्सिजन कमी. गॅस मात्र जमिनीखालच्या पाइपातून येतो, त्याला ऊन तितकं लागत नाही, तो जवळजवळ पूर्वीइतकाच. मग 15 टक्क्यांची शिल्लक 4 वर आली. उलट मे महिन्यात सेट केलं असतं तर थंडीत जादा हवा 27 टक्क्यांच्या घरात गेली असती, त्याची तक्रार मात्र कुणी केली नसती कारण तिथे फक्त पैसे जळतात.

डँपर थोडा उघडला, दहा मिनिटांत आवाज गेला. आता पॅनलच्या दारावर चिकटवतो त्या चिठ्ठीत ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी मी बॉयलर रूमचं त्या दिवशीचं तापमानपण लिहून येतो. ऑपरेटरभाई तेव्हापासून मला हवामान खातं म्हणतो.