कौलाखालची पोकळी

ठाण्यात घोडबंदर रोडला ‘पारंपरिक शैलीतलं पर्यावरणस्नेही लक्झरी हॉटेल, एसीची गरजच नाही’ अशा जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. चित्रात लाल मंगलोरी कौलं असतातच. पण असं बांधकाम चालू असताना जवळून बघा: खाली तिरका आरसीसी स्लॅब, त्यावर सिमेंटचा माल आणि त्यात दाबून बसवलेली कौलं. वारसा म्हणून कौल घेतलं आणि त्याखालची पोकळी बुजवून टाकली. खरं काम ती पोकळीच करत होती.

ठाणं सुमारे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींना फारसं ऊन लागत नाही, सगळा मारा छपरावर होतो. जुन्या घरात कौलं रिपांवर नुसती ठेवलेली असत. त्यांच्या फटींतून आणि आढ्यापाशी गरम हवा निघून जाई, वळचणीतून ताजी आत येई. कौल पातळ, त्यामुळे दिवस मावळल्यावर लवकर निवतं. स्लॅब मात्र दिवसभर मुरलेली उष्णता नेमकी झोपायच्या वेळी खाली सोडतो.

चार मजली हॉटेलला स्लॅब लागणारच. मग त्याच्या वर वीतभर पोकळी सोडून कौलं घालावीत. या पोकळीत एक सुंदर गोष्ट घडते. गरम हवा वर जाते. इथे तापलेलं कौल वरच आहे, म्हणून गरम हवा त्यालाच चिकटून राहते. तरी उष्णता खाली पोचते, ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने. प्रारण निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. कौलाची खालची बाजू 60 अंश सेल्सिअस आणि स्लॅब 35 अंश धरला, तर दर चौरस मीटरला सुमारे 150 वॅट खाली येतात. आता कौलांखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावा, चकचकीत बाजू खाली करून. कौलाची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण सोडण्याची क्षमता, 0.9 च्या आसपास, स्वच्छ फॉइलची 0.05. तेच गणित 10 वॅटच्याही खाली येतं! फॉइल तापलेलीच असते, हात लावला तर चटका बसेल. पण ती प्रारण फारच कमी सोडते. तोंड खाली असल्यामुळे तिच्यावर धूळही सहसा साचत नाही.

पश्चिमेला संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, वळचण पुरत नाही. तिथे खोल पडवीच हवी. चौकाभोवती घरं कशी बसवावीत, हे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये करून दाखवलं आहे. हॉटेलवाल्यांनी ते एकदा जाऊन पाहावं.

वास्तुवाले नैऋत्य कोपरा जड आणि बंद ठेवायला सांगतात. पावसाळ्यात ठाण्याचा वारा मुख्यतः त्याच बाजूने, पश्चिम-नैऋत्येकडून येतो. खिडकी वाऱ्याची दिशा पाहूनच ठेवायला हवी.

‘एसीची गरजच नाही’ हा दावाही खोटा. मेच्या दमट रात्री नुसत्या हवेने घाम वाळत नाही, हवेतलं पाणी काढावंच लागतं. छप्पर नीट केलं, तर तेवढ्यासाठी लहान यंत्र पुरतं.