नैराश्याच्या गोळ्या आणि ‘सवय’

‘डिप्रेशनची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ या समजापायी कितीतरी पुरुष डॉक्टरांच्या दारातूनच परत फिरतात. भीती अगदीच निराधार नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय खरंच लागते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची मात्र तलफ येत नाही. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही निदान ६ महिने त्या चालू ठेवतात, मग डोस हळूहळू उतरवतात. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके जाणवू शकतात आणि हीच सवय, असं वाटतं. प्रत्यक्षात मेंदूला जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नसतो. स्ट्रिपवरचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा: औषध कोणत्या गटातलं, आणि थांबवायचं कसं?