सीमाभागातील क्लाउड बॅकअप : ‘सिंक’ या शब्दाचा घोळ

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराचे पाणी बेळगाव जिल्ह्यातील अनेक गावांत शिरले. फाइलींची प्रत काढून ठेवण्याची रीत त्याआधीही येथे होतीच. पतसंस्थांचे हिशेब, टॅलीतील खाती आणि डीटीपी केंद्रांतील लग्नपत्रिका आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर आणि पुढे पेन ड्राइव्हवर जात. मात्र संगणक टेबलावर आणि त्याची प्रत त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पाणी दोन्हींना एकदमच गाठते. एक प्रत गावाबाहेर असावी, या विचाराला त्या पुराने बळ दिले असे म्हणण्यास हरकत नसावी.

त्यासाठीची साधने, म्हणजे नेटवरून दूरच्या संगणकांत फाइली साठवणाऱ्या ‘क्लाउड’ सेवा, तोवर जुनी झाली होती. भाड्याने साठवण देणारी ॲमेझॉनची मोठी सेवा २००६ सालची, तर गूगल ड्राइव्ह २०१२ चे. पण सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटाचे दर कोसळेपर्यंत अख्खे फोल्डर नेटवर चढवणे छोट्या दुकानदाराला परवडणारे नव्हते.

खरा गोंधळ झाला तो शब्दांचा. बॅकअप म्हणजे मूळ फाइलीला काही झाले तरी जशीच्या तशी राहणारी वेगळी प्रत. सिंक म्हणजे दोन ठिकाणे सतत सारखी ठेवणे. गूगलने २०१७ साली संगणकासाठी दिलेल्या प्रोग्रामचे नावच ‘बॅकअप अँड सिंक’ होते, आणि २०२१ मध्ये तो बदलला गेला तरी दोन्ही शब्द एकच, हा समज मागे उरला. सिंक केलेल्या फोल्डरातून दुकानातल्या मुलाने फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही कचरापेटीत जाते. ऑक्टोबर २०२० पर्यंत गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल आपण रिकामी करेपर्यंत तशीच राहत असे; त्यानंतर ३० दिवसांची मुदत आली. नियमाची सूचना दिली गेली होती, हे मान्य. तरीही दिवाळीनंतर पुसलेली पत्रिका लग्नसराईच्या ऐन घाईत शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल जाचकच म्हणावा लागेल.

फाइल परत मिळाली तरी येथे आणखी एक अडचण उभी राहते. युनिकोड (सर्व लिपींसाठीची संगणकावरील समान अक्षरपद्धती) रुळण्यापूर्वीच्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर जुनी पत्रिका उघडली, की ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड असा दुहेरी मजकूर असला तर दोन्ही भाषांचे जुने फाँट लागतात. म्हणून काही जाणकार फाइलीसोबत फाँटही त्याच फोल्डरात ठेवतात आणि पत्रिकेची पीडीएफही काढून ठेवतात.

डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसण्यास सुरुवात केली. सीमाभागात अशी खाती बरेचदा डीटीपी केंद्रातच, ग्राहकाच्या तेव्हाच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेली असतात. सिम बंद पडले आणि तो क्रमांक दुसऱ्याकडे गेला, की प्रत सुखरूप असूनही पडताळणीचा ओटीपी परक्याच्याच फोनवर पोहोचतो.