झोपेतून उठताना संगणक गोठणे : नेटवर्क ड्रायव्हरचा दोष

स्लीपमध्ये गेलेला संगणक जागा होताना मध्येच अडकतो. पडदा उजळतो, पण माऊस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही आणि शेवटी पॉवर बटन दाबून धरावे लागते. नागपूरकडच्या बोलीत याला 'लॅपटॉप उठूनच नाही राहिला' म्हणतात, आणि ते तांत्रिकदृष्ट्याही नेमके आहे. यंत्र मेलेले नसते, उठण्याच्या क्रियेत कोणीतरी वाट अडवून उभे असते. पुष्कळदा हा वाटमाऱ्या वायफाय किंवा लॅन (तारेचे नेट) कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, निघतो.

झोपेच्या पायऱ्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाने ठरवल्या आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये मांडले. त्यातील एस-३ अवस्थेत प्रोसेसर बंद असतो, फक्त मेमरीला जेमतेम वीज मिळते. एस-४ म्हणजे हायबरनेट, त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवला जातो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत एस-३ नसतेच. त्याऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असते, म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप, ज्यात नेट चालू राहू शकते. प्रत्येक उपकरणाच्याही स्वतःच्या पायऱ्या असतात: डी-० म्हणजे पूर्ण जागे, डी-३ म्हणजे बंद.

घोळ या पायऱ्या परत चढताना होतो. संगणक उठला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक ड्रायव्हरला सांगते, 'तुझे उपकरण जागे कर.' वायफायच्या ड्रायव्हरला त्यासाठी कार्डात फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) पुन्हा भरावे लागते, रजिस्टरे (कार्डाच्या सेटिंगचे छोटे कप्पे) नव्याने मांडावी लागतात. कार्डाने उत्तरच दिले नाही, तर वाचनात सगळे बिट १ असलेला आकडा येतो. सावध ड्रायव्हर तो ओळखून माघार घेतो. निष्काळजी ड्रायव्हर मात्र 'तयार'ची खूण येईल म्हणून वाट पाहत बसतो, आणि तेही हातात कुलूप धरून, म्हणजे एका वेळी एकालाच वापरता येणारी सामायिक गोष्ट अडवून. ते कुलूप ज्यांना हवे ते सगळे त्याच्यामागे रांगेत अडकतात. म्हणून काही वेळा माऊस हलतो, पण टास्कबार, सेटिंग्ज आणि नेटशी संबंध येणारे सारे थिजलेले असते. विंडोज काही काळ थांबून निळा पडदा दाखवते. त्यावरचा ९एफ हा कोड, म्हणजे 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', या दोषाचा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा आहे. त्या वेळी विंडोजने जपलेली बिघाडाची नोंद, म्हणजे मिनीडंप फाइल, उघडली तर अडलेल्या ड्रायव्हरचे नावही त्यात सापडू शकते.

नागपुरात मात्र पहिला संशय उन्हावर जातो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या शहरात ते साहजिकच आहे. पण मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याने दोष सेन्सरचा असल्याचे सांगितले होते, ही आठवणही ठेवावी. उष्णतेने अडकणारा संगणक कामाच्या भरात अडकतो: पंखा घोंघावतो, वेग मंदावतो, मग यंत्र बंद पडते. दुपारी झाकण मिटून कूलरसमोर तासभर पडलेला लॅपटॉप उठताक्षणी थिजला, तर उन्हाला दोष देता येत नाही. एक अपवाद आहे. मॉडर्न स्टँडबायचा लॅपटॉप बॅगेतून काढताना चटका बसावा इतका तापलेला असेल, तर तो झोपलाच नव्हता. त्यालाही नेटवर्क ड्रायव्हर कारण असू शकतो, पण तिथे उष्णता हा परिणाम आहे.

दुसरी दिशाभूल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत होते. जबरदस्तीने बंद केलेला संगणक पुन्हा सुरू झाला की तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते, आणि 'पॉवर' शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) किंवा स्टॅबिलायझर घेऊन येतात. ही नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नाही. झोपेत असताना लाईट गेली तरी डेस्कटॉपवर हीच नोंद होऊ शकते. म्हणून भारनियमनाच्या भागात यूपीएसशिवाय केलेल्या चाचणीवरून निष्कर्ष काढू नये.

चाचणी सोपी आहे, फक्त चिकाटी हवी. अडकलेल्या अवस्थेत कॅप्स लॉक दाबावे. दिवा बदलत असेल आणि पडदा काळा असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्यावा. मग डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत वायफाय आणि लॅन दोन्ही डिसेबल करून संगणक झोपवावा. दोन मिनिटांची डुलकी पुरत नाही, कारण काही यंत्रे खोल झोपेत जायलाच वेळ घेतात. जेवायला जाताना झोपवणे उत्तम. पाच-सहा वेळा नीट उठला, तर एकेक कार्ड सुरू करून तोच प्रयोग करावा. यंत्राला कोणत्या झोपा येतात हे कमांड प्रॉम्प्टमधील पॉवरसीएफजी (powercfg) आज्ञेने कळते.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, संगणक दुरुस्तीला नेला की 'फॉरमॅट मारू का?' हा प्रश्न ठरलेला. फॉरमॅटने खरोखर फरक पडतो, पण बहुधा आठवडाभरच. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये आधी तिचा स्वतःचा साधा ड्रायव्हर चालतो, पुढे अपडेट येऊन तोच सदोष ड्रायव्हर परत बसतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, 'पुन्हा तेच!' पेन ड्राइव्हवरच्या सरसकट ड्रायव्हर पॅकचेही तसेच. ड्रायव्हर लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलचा घ्यावा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर'ने जुन्यावर जावे. इथे नवे ते चांगले असा नियम नाही.

तात्पुरते उपायही आहेत. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधील 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढावी. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रांत हा टॅब पुष्कळदा नसतो, तेव्हा झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल असे ठरवून द्यावे. वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सोय, वापरात नसेल तर बंद करावे. या सुविधेत झोपलेले कार्ड १०२ बाइटच्या एका ठरावीक खुणेसाठी कान टवकारून बसते. लिनक्सवर झोपण्यापूर्वी नेटवर्कचे मॉड्यूल (तिथला ड्रायव्हर) उतरवून उठल्यावर पुन्हा चढवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवतात. उपाय ओबडधोबड, पण चालतो.

कोणताही बदल केल्यावर 'शट डाऊन' करून समाधान मानू नये. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाऊनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. कोरी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' निवडावे, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊनवर क्लिक करावे.